गरब्यात धक्के लागणारच, असं म्हणणाऱ्यांना

रिंगणातली: काल इथे एकाने लिहिलं, "गरब्यात गर्दी असते, धक्के लागतातच, सहन होत नसेल त्यांनी घरी बसावं." वाचून डोकं फिरलं. गर्दीचा आणि बेशिस्तीचा काय संबंध? रिंगण घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं हे बोरिवलीतलं शेंबडं पोरही सांगेल. तरी चारजण हातात हात घालून समोरून घुसतात. मध्ये देवीचा घट असतो, म्हणून चपला बाहेर काढायच्या, तर हे बूट घालून आत. एखादी मधेच थांबते, फोन वर धरते, रील सुरू. मागून तीन ताळी (तीन टाळ्यांचा गरबा) घेत येणारी बाई थेट तिच्या अंगावर, आणि सॉरी म्हणायचं त्या बाईने! दांडियात तर रांग सरकत जाते, समोर कोण येणार हे आपल्या हातात नसतं. म्हणून टिपरीला टिपरी टेकवायची आणि पुढे जायचं. गेल्या वर्षी एकाने अशी हाणली की माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. वर हसत होता.

मुलुंड पूर्व: उत्सव आहे, कवायत नाही. सोसायटीत गाड्या हलवून जेमतेम एक रिंगण बसतं. माझ्या आईचे गुडघे गेलेत, ती दोन ताळीत सावकाश फिरते. "काकू, बाजूला व्हा" म्हणणारे तुमच्यासारखे शिस्तवालेच असतात.

रिंगणातली: आईंना असं बोलणारा उर्मटच. पण त्या मधे उभ्या राहून रील काढत नाहीत ना? मी कुणाबद्दल बोलतेय ते कळतंय तुम्हाला.

तिसरा मजला: मूळ दुखणं वेगळंच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षाला फार तर १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यातच सगळे सण बसवायचे. माणूस लोकलमधून लोंबकळत साडेआठला घरी येतो, आरती होईपर्यंत नऊ. उरलेल्या तासात सगळ्यांनाच नाचायचं असतं. रेटारेटी होणारच.

बाळाची आई: दहाला हात लावू नका! आमची बेडरूम डीजेच्या डोक्यावर. खिडकीची काच थरथरते, बाळ दचकून उठतं. मोठीची सहामाही तोंडावर असते.

तिसरा मजला: नऊ रात्रींचा तर प्रश्न आहे.

बाळाची आई: नऊच? त्याआधी दहीहंडी, गणपती. मे महिन्यात मागच्या चाळीत हळद होती, दीडपर्यंत दणदणाट. तक्रार केली तर मलाच ऐकवलं, "एक दिवस ॲडजस्ट करा." दरवेळी एकच दिवस असतो यांचा.

दादरची: म्हणून म्हणते, भोंडला करा. पाटावर हत्ती मांडायचा, फेर धरायचा, गाणी तोंडपाठ. स्पीकर नको, धक्के नकोत. खिरापत ओळखेपर्यंत पोरी जागच्या हलत नाहीत.

मुलुंड पूर्व: ताई, तुमच्या फेरात आम्हा पुरुषांना घेता का? मग आम्ही कुठे जायचं?

रिंगणातली: विषय कुठल्या कुठे नेलात. रीलवाल्यांना गेटजवळ वेगळा कोपरा द्या, एवढं तरी मान्य आहे का?

तिसरा मजला: घ्या, दिला कोपरा. दहाचं काय?

बाळाची आई: साडेसातला सुरू करा, आरती शेवटी घ्या.

मुलुंड पूर्व: आरती शेवटी? आधी आमच्या कमिटीसमोर हे बोलून दाखवा.