मदत हवी आहे: जुनी जिप्सी घेऊन मुक्कामी भटकंतीसाठी तयार करायची आहे, पहिला पैसा कुठे घालू?

नमस्कार मंडळी,

गाडीच्या किमतीसकट साडेचार लाख रुपये, एवढ्यात एक जुनी फोर बाय फोर घेऊन ती तंबू टाकून राहण्याच्या कामाची करायची आहे. जाणार आम्ही तिघं: मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. राहायला सातारा. चिखलात गाडी नाचवायची हौस नाही. डांबर संपल्यावर वाडीकडे जाणारा जो दगडमातीचा रस्ता असतो, त्यावरून चार-पाच किलोमीटर आत जायचं, गावात विचारून कुणाच्या तरी पडीक शेतात तंबू ठोकायचा आणि सकाळी ट्रॅक्टर शोधत न फिरता आपल्याच चाकांवर बाहेर यायचं. मागणं एवढंच, पण ते पक्कं हवंय, कारण बरोबर लेकरू असणार आहे.

महिंद्राची जुनी थार सीआरडीई पाहिली, पण धड अवस्थेतली या पैशांत बसत नाही. त्यांचीच जुनी जीप, एमएम ५५०, मनापासून आवडते, पण विकायला येणाऱ्या बहुतेक गाड्या आधीच कापून-जोडून ठेवलेल्या दिसतात. म्हणून मारुतीची जिप्सी, १३०० सीसीची एमजी ४१३ डब्ल्यू. वजन हजार किलोच्या आसपास, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, वेगळा लो गिअर (सावकाश पण जास्त जोराने ओढण्यासाठी), आणि रुंदी फक्त १५४० मिलिमीटर. कोकणात दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधल्या पाणंदीतून जाताना या रुंदीची किंमत कळते. पेट्रोल पिते हे मान्य. लिटरला दहा धरून चाललोय, ४० लिटरची टाकी आहे, हिशोब बसतो.

दोन गाड्या पाहून ठेवल्यात. पहिली खासगी, २०१२ ची, हार्डटॉप, मालक २ लाख ६० हजार म्हणतोय. इंजिन गार असताना पहिल्या फटक्यात सुरू झालं, धूर नाही. पण एखाद्या खड्ड्यातून गेल्यावर ५०-६० च्या वेगाला स्टिअरिंग जोरात फडफडतं, ब्रेक मारल्यावर थांबतं. मालक म्हणतो, बॅलन्सिंग करून घ्या. पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला तेलकट काळा चिखल साचलाय. खालून चासीला ताजा काळा रंग मारलाय, तो मला खटकतोय. दुसरी लष्कराच्या लिलावातून आलेली, एका व्यापाऱ्याकडे, ६० हजारांनी स्वस्त, पण नोंदणी अजून त्याच्याही नावावर नाही आणि रंग अजून ऑलिव्ह ग्रीनच आहे.

माझा कल पहिलीकडे आहे. प्रश्न असे:

१. ही फडफड नक्की कशाची? तपासायची कशी, आणि गाडी सोडून द्यावी इतकी गंभीर आहे का?

२. मूळ टायर २०५/७० आर १५. त्याजागी २१५/७५ आर १५ ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) घालावेत का? माझ्या गणिताने व्यास ६६८ वरून ७०३ मिलिमीटरवर जातो, म्हणजे पोटाखाली जेमतेम १८ मिलिमीटर वाढतात आणि वेगाचा काटा ५ टक्के कमी दाखवणार. एवढ्यासाठी खर्च करावा का?

३. पाटे (लीफ स्प्रिंग) ॲक्सलच्या वर घेऊन गाडी उंच करून देतो असं एक गॅरेजवाला म्हणतोय. मला भीती वाटते ती कागदांची. पंधरा वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपते, तेव्हा नूतनीकरणाला गाडी आरटीओत उभी करावी लागणार.

४. टपावरचा तंबू, फ्रीज, दुसरी बॅटरी यातलं खरोखर काय लागतं?

माझं स्वतःचं मत असं झालंय की पहिला पैसा गाडी मुळात जशी होती तशी करण्यात घालावा आणि दिखाऊ सामान शेवटी. पण ज्यांनी हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

लो_गिअर: दादा, बॅलन्सिंगने हे जाणार नाही. खड्ड्याने सुरू होणारी आणि वेग कमी केल्यावर थांबणारी फडफड म्हणजे बहुतेक वेळा किंगपिनची बेअरिंग, म्हणजे पुढचं चाक डावी-उजवीकडे ज्या खुंटांवर वळतं त्यांची. तो तेलकट चिखलही तीच गोष्ट सांगतोय: नकलवरचं (ॲक्सलच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्यावरचं) सील गेलंय, ॲक्सलचं तेल बाहेर येतंय आणि ग्रीस धुऊन नेतंय.

तपासणी सोपी आहे. पुढचं चाक जॅकवर उचला. एक हात वर, एक हात खाली धरून चाक आत-बाहेर हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाची बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. दोन्ही बाजूंना करा. टाय रॉडची टोकं आणि पाट्यांचे बुशही त्याच वेळी बघा. एखादा बुश गेलेला असला तरी गाडी तशीच वागते. बेअरिंग, सील आणि शिम (मधे घालायच्या पातळ चकत्या) नीट लावणारा मिस्त्री असेल तर हे काम होतं, गाडी सोडायचं कारण नाही. भाव मात्र नक्की पाडा.

गाडी सोडायचं कारण गंज. त्या ताज्या काळ्या रंगाखाली हातोडीने हलके ठोकत जा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ (पाटा चासीला टांगणाऱ्या कडीजवळ) आणि बॉडी जिथे चासीवर टेकते तिथे. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला किंवा पापुद्रा निघाला तर मालकाला नमस्कार करून घरी या. पायाखालची मॅट उचलून पत्राही बघा.

ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणारी पेटी, लो गिअरही तिच्यातच) तपासताना डांबरावर नको. या गाडीत मधे डिफरन्शियल नाही, डांबरावर फोर बाय फोरमध्ये वळवली की पुढचं-मागचं ॲक्सल एकमेकांशी भांडतं. मातीच्या उतारावर लो गिअर, पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडा. लिव्हर आपोआप गिअरमधून सुटली तर खर्च मोठा आहे. नुसता धडधड आवाज असेल तर आधी माउंटची रबरं बघा, ही केस गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असते.

उंची वाढवण्याचं तुमचं भय रास्त आहे. जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. पुढे लावायच्या लोखंडी बुल बारचाही विचार असेल तर सोडा. आणि पाटे वर घेतले की स्टिअरिंगचा दांडा, प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकच्या नळ्या, सगळंच बदलावं लागतं. तुमच्या कामाला थकलेले पाटे मूळ कमानीवर आणून नवे बुश आणि चांगले शॉकअप पुरेत. टायरही मूळ मापातच, पण ऑल टेरेन घ्या. १८ मिलिमीटरपेक्षा हवा कमी करून मिळणारी पकड जास्त कामाची. वाळूत-चिखलात १८ पीएसआयवर आणा, परत भरायला छोटा कंप्रेसर ठेवा.

लष्करी गाडीचा नाद नको. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याशिवाय कुणाला वापरता येत नाही, आणि व्यापाऱ्याच्या नावावरच नाही ती तुमच्या नावावर कशी होणार?

कातळकर: मी रत्नागिरीचा. गाडीतलं मला कमी कळतं, पण गडग्यांचा उल्लेख वाचला म्हणून कळकळीने सांगतो. आमच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवर, गाडी घालू नका. लांबून मोकळा कातळ दिसतो, पण त्यावर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती, बारसू, उक्षी ही माहीत असलेली नावं, माती आणि गवताखाली अजून किती असतील कोण जाणे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पावसाळ्यात त्याच कातळावर दवबिंदू आणि सीतेची आसवं उगवतात, इवलीशी झाडं, एका चाकाखाली शेकड्यांनी जातात. रस्ता असेल तिथवर या, पुढे चालत या, मी स्वतः दाखवायला येईन. किनाऱ्यावरही तेच. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत थंडीपासून कासवांची घरटी असतात, तिथे चाक नकोच.

मीनल_भटकी: चौथ्या प्रश्नापुरतं. टपावरचा तंबू पन्नास-साठ किलोचा, तोही एवढ्या अरुंद आणि उंच गाडीच्या डोक्यावर. आडव्या उतारावर जीव वर येतो. जमिनीवरचा तंबू, खाली जाड ताडपत्री, आणि मुलीला स्वतःची उशी. फ्रीज दिवसाला पन्नासेक अँपिअर-तास खातो, त्यासाठी दुसरी बॅटरी आणि सगळी वायरिंग आली. दोन रात्रींसाठी चांगली बर्फपेटी घ्या, बंदरावर मासळीवाल्यांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यातून लादी घ्या, चुरा नको, लादी टिकते. वाचलेले पैसे ओढायच्या पट्ट्यावर, तो गाडीला अडकवायच्या दोन शॅकलवर (कड्यांवर) आणि रुतलेली गाडी तारेने ओढून काढायच्या, हाताने चालवायच्या विंचवर घाला. हजार किलोच्या गाडीला ते पुरतं. झाडाला तार थेट बांधू नका, रुंद पट्टा लावा, साल सोलते. आणि फेब्रुवारी ते मे शेकोटी नाही म्हणजे नाही.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन पहिल्या गाडीकडे जातोय. जॅक, हातोडी आणि टॉर्च बरोबर नेतो. चासी खणखणीत निघाली आणि लिव्हर जागेवर राहिली तर किंगपिन, सील आणि पाट्यांचा खर्च पुढे ठेवून २ लाख २० हजारांवर बसणार, त्यावर नाही. लष्करी गाडी यादीतून काढली. कातळकर, तुमचं आमंत्रण मुलीला वाचून दाखवलं, ती हत्ती बघायला कधी जायचं विचारतेय. पावसाळा सरताना, गाडी असो वा एसटी, येतो.

एक राहिलं: सातारा-कराड भागात जुने पाटे तापवून कमान देणारा जाणता कारागीर कुणाला माहीत आहे का? नवे पाटे टाकावेत की त्याच्याकडून करून घ्यावेत, यावरही ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी लिहावं. लो_गिअर, शिमची जाडी ठरवताना चाक किती घट्ट फिरायला हवं, तेही सांगाल का?