वजन उतरवायला निघाले, तर शरीराचा स्वीकार खोटा ठरतो का?

मुलुंडकरीण:
माझे वय 44, नोकरी फोर्टला. लहानपणापासून मी अंगाने जाड. लग्नाच्या वयात स्थळांकडे पाठवायचा फोटो आई कमरेच्या वरचाच काढायला लावत असे, आणि हळदीकुंकवाला गेले की वाण हातात ठेवता ठेवताच कुणीतरी मेथीचे पाणी प्यायला सुचवत असे. लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी सीट कुणीही मागते. मी मात्र सीएसएमटीपर्यंत उभी राहत असे, कारण ‘जरा सरकता का?’ म्हटल्यावर बसलेल्या तिघी आधी माझ्या अंगाकडे पाहतील, हे ठाऊक होते. चाळिशीनंतर कुठे हे ओझे उतरले. मी चौथी सीट मागू लागले, बिनबाह्यांचे ब्लाउज शिवले, आरशापुढे उभे राहणे जड जाईनासे झाले.

आता एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.3 आले आहे आणि डॉक्टरांनी पाच-सहा किलो वजन उतरवायला सांगितले आहे. ज्या शरीराला इतक्या उशिरा आपले म्हटले, तेच कमी करायला निघाले, तर आजवर टोमणे मारणाऱ्यांचेच खरे ठरणार नाही का?

परळची आहारतज्ज्ञ:
ताई, 5.7 ते 6.4 हा मधुमेहपूर्व टप्पा आहे, म्हणजे डॉक्टर तुमच्या रक्तातील साखरेविषयी बोलत आहेत. नातेवाईक दिसण्याविषयी बोलत होते. बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्याचे) सूत्र मांडणारे 19व्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांना लोकसमूहाची सरासरी हवी होती, एकेका माणसाचे निदान नव्हे. आपल्याकडे 23च्या पुढे जादा वजन आणि 25पासून लठ्ठपणा धरतात. पण पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांनी 2004 साली दाखवून दिले होते, की दोघांचाही बीएमआय 22.3 असूनही याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के चरबी आहे आणि युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के. म्हणून काट्याबरोबर कमरेचा घेर मोजा (भारतीय स्त्रियांसाठी मर्यादा 80 सेंटिमीटर) आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. वजनाच्या 5 ते 7 टक्के घट झाली तरी साखरेवर चांगला परिणाम होतो. त्यासाठी बारीक व्हावे लागत नाही.

पार्ल्याची आजी:
माझे वजन आयुष्यात कधी पन्नाशीच्या पुढे गेले नाही, तरी मला मधुमेह आहे. निदान झाले तेव्हा सगळे ‘बिचारी’ म्हणाले. माझ्या धाकट्या जावेला तोच आजार झाला, तेव्हा तिच्या ताटातील भाताची चर्चा झाली, आणि ती तिच्यासमोरच! आजार एकच, पण दया माझ्या वाट्याला आली आणि दोष तिच्या. तेव्हा बोलणाऱ्यांचे खरे ठरेल ही भीती मनातून काढ, बाळ. त्यांना आजाराविषयी कधीच काही म्हणायचे नव्हते.

दादरची वाचक:
आजींचे म्हणणे पटते, तरी हे इतके सोपे नाही. मी औषधोपचाराने बरेच वजन उतरवले, आणि टोमण्यांपेक्षा कौतुकच अधिक बोचले. ‘आता कशी छान दिसतेस’ या वाक्यात माझ्या आधीच्या सगळ्या वर्षांचा निकाल लागलेला असतो, आणि तोंडावर हसून आभार मानावे लागतात. आरशातील बाई बरेच दिवस परकी वाटत होती. मी दोन गोष्टी ठरवून केल्या: उतरलेले किलो कुणालाही सांगितले नाहीत, आणि विषय निघालाच तर ‘साखरेसाठी उपचार चालू आहेत’ एवढेच म्हटले. जुने ब्लाउज मात्र आटवायला टाकले नाहीत, तसेच ठेवले आहेत. हे कुणाला वेडेपणाचे वाटेल, पण त्या कपड्यांतली बाईही मीच होते.

मुलुंडकरीण:
कौतुकाचा हा त्रास माझ्या ध्यानातही आला नव्हता. आजी, तुमच्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. आहारतज्ज्ञ ताई, सीएसएमटीहून कार्यालयापर्यंत शेअर टॅक्सीऐवजी चालत जाणे सुरू करते. अडचण संध्याकाळची आहे: घरी पोहोचायला साडेआठ होतात, तोवर भूक खवळलेली असते आणि मग भातावर भात वाढून घेतला जातो.

परळची आहारतज्ज्ञ:
कार्यालयातून निघण्यापूर्वी मूठभर फुटाणे किंवा वाटीभर मोड आलेली मटकी खा. रात्री भात बंद करू नका; आधी भाजी-आमटी घ्या आणि भात वाटीने मोजून वाढा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा तपासा.