मदत हवी आहे: जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला कोणता हेडफोन जुळेल?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. वडिलांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून घेतलाय. गावच्या सप्ताहातल्या भजनांच्या त्यांनी भरलेल्या कॅसेट रात्री घर झोपलं की हेडफोनवर ऐकतो. हेडफोनचा इम्पीडन्स (विजेच्या सिग्नलला होणारा अडथळा) 32 ओहम. मोबाइलवर तोच सुरेख वाजतो, पण इथे मृदंगाची धुम फुगते अन् टाळ पार दबून जातात.

झाकण काढून पाहिलं, तर स्पीकरच्याच लाइनवर 330 ओहमचा रेझिस्टर टाकून हेडफोनचं सॉकेट काढलंय. म्हणजे सॉकेटच्या बाजूचा (आउटपुट) इम्पीडन्स हेडफोनच्या दहापट! खरं तर तो हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा; नाहीतर हेडफोनचा इम्पीडन्स जिथे चढतो, तिथला आवाज फुगतो.

300 ओहमचा सेनहायझर एचडी 600 घ्यावा का? पण त्याचा इम्पीडन्सही बासकडे (खर्जाच्या आवाजाकडे) चढतो, तिथेही फुगवटा राहील अशी धास्ती वाटते. की सॉकेटवर 10 ओहमचा रेझिस्टर आडवा (हेडफोनला समांतर) जोडून भागेल? सोल्डरिंग मला येतं. वेगळा हेडफोन अ‍ॅम्प घ्यायचा तर वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर बाजूला पडेल, ते जिवावर येतं.

नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला कुणाकडे 250-300 ओहमचा हेडफोन असेल तर कृपया कळवा. अ‍ॅम्प्लिफायर अन् कॅसेट घेऊन मी स्वतः येतो.