बाळाला घरी आणायचंय, तयारी काय काय करू?
बायको आणि बाळ दोन दिवसांत घरी येतील, पाळणा झाला, त्यात उशी मऊ गादी वगैरे घालू का?

— उशी अजिबात नको! गादी घट्ट, चादर ताणून बसवलेली, बाळाला पाठीवरच झोपवायचं आणि ती गोंडस खेळणी पण बाहेर काढा. कार असेल तर बाळाची, मागे तोंड असलेली कार-सीट आत्ताच बसवून बघा, ऐनवेळी ते बेल्ट जाम डोकं खातात.

— नवे कपडे आधी धुवून ठेव. नाळ कोरडी ठेवायची, ओढायची नाही, आपोआप गळते. थर्मामीटर हवाच, ३८ सेल्सिअस किंवा वर गेलं तर लगेच डॉक्टर.

— आणि दादा, बाळाचं सगळे बघतात, वहिनीच्या जेवणाझोपेचं तू बघ. पाहुणे नंतर.

— थँक्स, उशी काढली!