मदत हवी आहे: लोखंडी कंड्युटचा ऑफसेट एका रेषेत कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. चाकणला एका शेडचं वायरिंग चालू आहे. कंड्युट, म्हणजे वायर आतून न्यायचा पाईप, २५ मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी); तो वाकवायचा बेंडर हाताचा. आजवर सगळं काम पीव्हीसीचं; आत स्प्रिंग घातली की झालं. लोखंडाचं गणितच निराळं.

९० अंशाचा बेंड बरा येतो. अडतंय ते ऑफसेटवर, म्हणजे पाईप बाजूला सरकवून पुन्हा समांतर न्यायच्या दोन उलट बेंडांवर. भिंतीपासून ५० मिमी पुढे असलेल्या बॉक्समध्ये पाईप न्यायचाय. ३० अंशाच्या बेंडला ऑफसेटच्या दुप्पट अंतर, म्हणून दोन खुणांत १०० मिमी धरतो. माप जुळतं, पण दुसरा बेंड तिरका जातो; पाईप फरशीवर ठेवला की एक टोक वर राहतं.

पाईप फिरवताना रेषा कशी राखता? खडूची रेघ मारून, की लेव्हल लावून? वेल्डची शिवण बाजूला ठेवतोच, मग तिचाच आधार घेतला तर चालेल का?

शिवाय बेंडवर पाईप थोडा चपटा होतोय. आयटीआयचे जुने सर वाळू भरायला सांगतील, पण प्रत्येक बेंडला ती कोण भरत बसणार! बेंडरचा खाचाच मोठा असेल का? कुणी हात कसे धरायचे त्याचा व्हिडिओ टाकला तर फार बरं होईल.