हवेची जड बोट एकट्याने ट्रेलरवर कशी चढवावी?

प्रश्न:
माझी हवा भरून फुगवायची बोट तळाच्या ॲल्युमिनियमच्या फळ्या आणि इंजिन धरून शंभर किलोच्या वर जाते. पुढचे टोक कसेबसे ट्रेलरवर टेकवता येते, परंतु मागचा भाग जमिनीवर घासत राहतो. विंच (पट्टा गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र) बसवल्यास हे काम एकट्याला जमेल का?

उत्तर १:
नक्की जमेल, मात्र विंचचा पट्टा कुठे अडकवता, यावर सारे अवलंबून आहे. बोट हाताने उचलण्यासाठी चिकटवलेल्या मुठींना तो मुळीच लावू नये, कारण जोर आला की त्यांचा जोड सोलून निघतो. पुढच्या बाजूला ओढण्यासाठीच दिलेल्या डाव्या-उजव्या कड्यांतून दोर ओवून त्याच्या मध्यावर हुक अडकवला, तर ताण दोन्हीकडे विभागला जातो आणि बोट तिरपी होत नाही. पट्टा ताणलेला असताना त्याच्या रेषेत उभे राहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर २:
धक्क्याला उतार असल्यास ट्रेलर त्याचे मागचे रोलर (बोट ज्यांवरून सरकते ती फिरती चाके) जेमतेम बुडतील इतकाच पाण्यात न्यावा, कारण अधिक खोलवर बोट तरंगत बाजूला सरकते आणि एकट्या माणसाला ती पुन्हा मध्यावर आणणे फार कठीण जाते. गाडीचा हँडब्रेक लावून चाकांमागे अडसर ठेवावा आणि इंजिन आधीच वर उचलून घ्यावे.

उत्तर ३:
उतार नसेल तर इंजिन आणि इंधनाची टाकी आधी उतरवा. बोटीतली हवाही तपासा. गार पाण्यात दाब उतरतो आणि मऊ पडलेली बोटीची हवा भरलेली नळी रोलरवर दुमडते. माझ्या मते अशा बोटीला रोलरपेक्षा गालिचा लावलेल्या लांब फळ्यांचा आधार अधिक चांगला, कारण त्यावर भार पसरतो.