भावाला 25 झाली, पेन्शन थांबली. आता मला मिळेल का?

शिकवणीताई:
बाबा रेल्वेत फिटर होते. 2016 मध्ये गेले, मग फॅमिली पेन्शन आईला सुरू झाली. 2022 मध्ये आईही गेली. मी मोठी, पण मी पंचविशी ओलांडलेली, म्हणून नंबर लागला धाकट्याचा. दोन वर्षं मिळाली. त्याला 25 पूर्ण झाली आणि बंद. तो अजून स्पर्धा परीक्षाच देतोय, एक रुपया कमावत नाही, पण मुलाला 25 म्हणजे 25.

मी 31 वर्षांची, अविवाहित. चौथी-पाचवीच्या शिकवण्या घेते, महिना साडेसहा-सात हजार सुटतात. बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "पंचवीसनंतर कुणालाच नाही." खरं आहे का हे?

जुना सेटलमेंटवाला:
ताई, चुकीचं सांगितलंय. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला पंचविशीनंतरही मिळते. फक्त आधी पंचविशीच्या आतल्या भावंडांची पाळी संपावी लागते. ती तुमच्या घरात संपलीच आहे. इतर उत्पन्न महिना 9,000 अधिक त्यावरची महागाई सवलत, याच्या आत हवं. शिकवण्यांचं त्यात बसतं. लग्न केलंत तर मात्र थांबेल. आणि बँकेत काय विचारता, बँक फक्त पैसे टाकते. अर्ज बाबांच्या शेवटच्या डिव्हिजनच्या सेटलमेंट सेक्शनला, म्हणजे पेन्शनचे कागद बघणाऱ्या विभागाला करा.

आता मेख सांगतो. आई गेल्या तेव्हा तुम्ही त्यांच्यावर अवलंबून होतात का, हे बघतात. तेव्हा नोकरी होती?

शिकवणीताई:
काका, पोटात गोळाच आला वाचून. साड्यांच्या दुकानात हिशेब बघायचे, बारा हजारांवर. पण आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा, 2021 च्या दिवाळीआधी, सोडलं. आठवड्यातून दोनदा तिला रिक्षात घालून न्यायचं तर नोकरी कशी जमणार.

जुना सेटलमेंटवाला:
मग घाबरू नका. दुकानदाराकडून सोडल्याची तारीख लेटरहेडवर लिहून घ्या, सोबत तेव्हाचं पासबुक जोडा. आईच्या मृत्यूच्या दाखल्यातली तारीख त्यानंतरची आहे, एवढं दिसलं पाहिजे.

बट्टीवाला:
वाचणाऱ्यांनी गफलत करू नका, हे केंद्राचं आहे. आमचे वडील खाजगी कारखान्यात, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन योजना, ईपीएस 95. तिथे विधवेच्या पेन्शनच्या 25 टक्के, एका वेळी दोनच मुलांना, तेही पंचविशीपर्यंत. कायमचं अपंगत्व असेल तरच आयुष्यभर. बहीण अविवाहित आहे म्हटलं तर कुणी विचारत नाही.

शिकवणीताई:
दुकानदार काकांनी लगेच लिहून दिलं, शिक्क्यासकट. वर चहा पाजला. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आईच्या ट्रंकेत सापडला, लग्नातल्या शालूच्या घडीत. सोमवारी पहिल्या पॅसेंजरने निघते.

जुना सेटलमेंटवाला:
झेरॉक्सवर पोच घ्या, तारखेसकट. नाहीतर पुढच्या खेपेला "कसला अर्ज?" म्हणतील.